कचऱ्याच्या ढिगापासून स्वतःच्या जमिनीपर्यंत : बोस्टनच्या डडली स्ट्रीटवरच्या रहिवाशांनी आपला मोहल्ला कसा उभा केला?

आपल्यापैकी बहुतेकांनी हे चित्र पाहिलेलं आहे. मोहल्ल्याच्या कडेला एक रिकामा प्लॉट असतो. आधी कोणीतरी घरातला राडारोडा टाकतो, मग बाहेरचे टेम्पो रात्रीचे येऊन कचरा ओतून जातात. महापालिकेत तक्रार केली की उत्तर मिळतं, ‘जागा खाजगी आहे.’ मालक कोण, ते कोणालाच ठाऊक नसतं. वर्षं जातात. मग एक दिवस त्याच प्लॉटवर पत्रे लागतात, बोर्ड लागतो आणि कळतं की इथे टॉवर येणार आहे. ज्यांनी वीस वर्षं त्या घाणीचा वास सहन केला, त्यांच्यासाठी मात्र त्या टॉवरमध्ये एक खोलीही नसते.

म्हणजे मोहल्ला मागास असतानाही त्रास आपल्यालाच आणि मोहल्ला सुधारू लागला की बाहेर जाण्याची वेळही आपल्यावरच. यातून सुटका आहे का? वस्ती सुधारावी आणि वस्तीतले लोकही तिथेच राहावेत, असं कुठे घडलं आहे का?

घडलं आहे. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, रॉक्सबरी नावाच्या भागात, डडली स्ट्रीटच्या परिसरात. गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी सुरू झाली आणि अजून चालू आहे. त्यात आपल्या उपयोगाचं बरंच काही आहे, आणि तिचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो.

रॉक्सबरी म्हणजे कोणता भाग?

रॉक्सबरी हे नाव मुस्लिम वाचकांना अगदीच अनोळखी नसावं. मॅल्कम एक्स, म्हणजेच हज केल्यानंतरचे अल-हाज मलिक अल-शाबाझ, लहान वयात आपल्या सावत्र बहिणीकडे राहायला आले ते याच भागात. डेल स्ट्रीटवरचं ते घर आजही उभं आहे. बोस्टनमधली मोठी मशीद आणि इस्लामिक केंद्र २००९ मध्ये सुरू झालं, तेही रॉक्सबरीतच.

डडली स्ट्रीटचा परिसर बोस्टनच्या मुख्य व्यापारी भागापासून जेमतेम तीन किलोमीटरवर. इथे चार प्रकारचे लोक राहत होते. आफ्रिकन-अमेरिकन म्हणजे कृष्णवर्णीय, स्पॅनिश बोलणारे लॅटिनो, केप व्हर्दीहून आलेले आणि थोडे गोरे. केप व्हर्दी ही पश्चिम आफ्रिकेजवळची बेटं. गोव्यासारखीच ती शेकडो वर्षं पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. म्हणजे चार समाज, तीन भाषा आणि एक गरीब वस्ती.

वस्ती उजाड कशी झाली?

वस्त्या आपोआप बिघडत नाहीत, त्या बिघडवल्या जातात. डडलीत ते कसं झालं, हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण आपल्याकडची कारणंही फार वेगळी नाहीत.

पहिलं कारण बँका. अमेरिकेतल्या बँकांनी अनेक दशकं कृष्णवर्णीयांच्या आणि गरिबांच्या भागांवर नकाशात जणू लाल रेघ ओढली होती. त्या रेघेच्या आत कर्ज मिळत नसे. कर्ज नाही म्हणजे घराची दुरुस्ती नाही, नवं घर नाही, दुकानाला भांडवल नाही. आपल्याकडे एखाद्या भागाचा पत्ता सांगितला की कर्जाच्या अर्जावरचा चेहरा बदलतो, तसंच हे. फरक इतकाच की तिकडे ते कागदावर लिहून ठेवलेलं होतं.

दुसरं कारण घरमालक. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांना परवडलं ते गोरे लोक उपनगरांत निघून गेले. घरांच्या किमती कोसळल्या. मग काही मालकांनी हिशेब केला की घर विकून जितके पैसे येतील, त्यापेक्षा विम्याचे जास्त येतील. घरं पेटू लागली. त्या काळात तिथल्या लोकांच्या रात्री अग्निशमन दलाच्या गाड्यांच्या आवाजात गेल्या. जळालेली घरं पाडली गेली आणि त्यांच्या जागी रिकामे प्लॉट उरले.

तिसरं कारण कचरा. रिकामे प्लॉट दिसले की बाहेरचे ठेकेदार तिथे ट्रक रिकामे करू लागले. बांधकामाचा मलबा, जुने फ्रिज, सडलेलं मांस, मोडक्या गाड्या, सगळं काही. वस्तीत कचरा हलवण्याची बेकायदा केंद्रंही चालत होती. उन्हाळ्यात खिडक्या उघडणं मुश्किल व्हायचं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी स्थिती होती की वस्तीच्या मध्यभागातली जवळपास एक तृतीयांश जमीन ओसाड होती. साधारण १३०० प्लॉट रिकामे पडले होते.

आणि याच सुमारास शहराच्या नियोजन खात्यात या भागासाठी नवे आराखडे तयार होत होते. त्यात हॉटेलं होती, ऑफिसच्या इमारती होत्या. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. लोकांना भीती वाटली ती अनुभवातून. बोस्टनमध्येच १९५८ नंतर वेस्ट एंड नावाची जुनी कामगार वस्ती ‘सुधारणे’च्या नावाखाली अख्खीच्या अख्खी पाडली गेली होती. हजारो कुटुंबं पांगली.

एक बैठक आणि एक प्रश्न

१९८४ मध्ये एका धर्मादाय संस्थेचे विश्वस्त ही वस्ती पाहायला आले. परिस्थिती बघून त्यांनी ठरवलं की इथे मोठी मदत करायची. वस्तीत काम करणाऱ्या संस्थांना एकत्र केलं, एक समिती आखली आणि १९८५ च्या फेब्रुवारीत एका चर्चच्या हॉलमध्ये लोकांसमोर ती योजना मांडली.

नियत चांगली होती. पैसा होता. संस्था जाणत्या होत्या. पण समितीच्या तेवीस जागांपैकी प्रत्यक्ष रहिवाशांसाठी ठेवल्या होत्या फक्त चार.

हॉलमधून लोकांनी व्यासपीठावर बसलेल्यांना विचारलं, तुमच्यापैकी या वस्तीत राहतं कोण? हात वर होईनात. मग सवाल-जवाब सुरू झाले. आमच्या भागाचा निर्णय आमच्याशिवाय घेणारे तुम्ही कोण, असा त्याचा सूर होता.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. व्यासपीठावरच्यांनी राग धरला नाही. ‘आम्ही तुमच्या भल्यासाठी आलो आणि तुम्ही असे बोलता’ असं म्हणून ते उठून गेले नाहीत. त्यांनी योजना मागे घेतली, रहिवाशांबरोबर बसून नवी रचना केली आणि समितीत रहिवाशांना बहुमत दिलं. संस्थेचं नाव ठेवलं ‘डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह’. म्हणजे डडली स्ट्रीट मोहल्ल्याचा स्वतःचा पुढाकार.

जागांचं वाटप : संख्येवर नाही, बरोबरीवर

रहिवाशांच्या जागा कशा वाटल्या, ते आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. चार समाजांना समान जागा दिल्या. कृष्णवर्णीयांना जितक्या, तितक्याच लॅटिनोंना, तितक्याच केप व्हर्दीच्या लोकांना, तितक्याच गोऱ्यांना. कोणाची लोकसंख्या किती, हे पाहिलं नाही.

लोकसंख्येप्रमाणे वाटप केलं असतं तर मोठा समाज कायम जिंकला असता आणि छोटे समाज हळूहळू घरी बसले असते. बरोबरी ठेवल्यामुळे कोणताही एक गट एकट्याने निर्णय करू शकत नव्हता. दुसऱ्याला पटवणं भाग होतं. बैठका तीन भाषांत होऊ लागल्या, इंग्रजी, स्पॅनिश आणि केप व्हर्दीची क्रिओल. भाषांतर करणारा माणूस असणं हा बैठकीचा नियमच झाला.

आपल्या मोहल्ल्यांत काय होतं? कोकणी, खानदेशी, मोमीन, दखनी, यूपी-बिहारहून आलेले, बोहरा, मेमन. एका गल्लीत इतके लोक, पण कमिटी एकाच बिरादरीची. मग बाकीचे म्हणतात, ‘ते त्यांचं काम आहे.’ डडलीच्या लोकांनी हा रोग पहिल्याच दिवशी ओळखला आणि त्याचा इलाज संस्थेच्या घटनेतच लिहून ठेवला.

पुढे मंडळात तरुणांसाठीही जागा ठेवल्या गेल्या. जॉन बॅरोस नावाचा केप व्हर्दीच्या कुटुंबातला मुलगा किशोरवयात मंडळावर निवडून आला. मोठा होऊन तोच या संस्थेचा संचालक झाला आणि २०१३ मध्ये त्याने बोस्टनच्या महापौरपदाची निवडणूकही लढवली. सुरुवातीच्या वर्षांत मंडळाचं अध्यक्षपद शे मदियुन या महिलेकडे होतं, ती त्याच वस्तीत मुलांना वाढवणारी आई होती.

सुरुवात कचऱ्यापासूनच का?

संस्था बनली, आता पुढे काय? कोणी म्हणालं मोठा आराखडा करू. पण घरोघरी फिरून लोकांना विचारलं तेव्हा पहिली तक्रार होती कचऱ्याची. म्हणून १९८६ मध्ये मोहीम सुरू झाली, ‘आमच्यावर कचरा टाकू नका’.

लोकांनी रिकामे प्लॉट स्वतः साफ केले. कोणत्या प्लॉटवर कधी आणि कोण कचरा टाकतं, याच्या नोंदी ठेवल्या. महापालिकेकडे गर्दीने गेले. महापौर रेमंड फ्लिन यांना वस्तीत यावं लागलं. बेकायदा कचरा केंद्रं बंद झाली.

हे काम छोटं वाटतं, पण त्याने दोन गोष्टी झाल्या. एक, वर्षानुवर्षं ‘काही होणार नाही’ म्हणणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं की काही होऊ शकतं. दोन, प्रशासनाला कळलं की ही चार माणसांची निवेदनं नाहीत, मागे अख्खी वस्ती आहे. पुढची मोठी मागणी करण्याची ताकद या छोट्या यशातून आली.

बिल्डरच्या आधी स्वतःचा नकाशा

१९८७ मध्ये संस्थेने आपल्या वस्तीचा स्वतःचा विकास आराखडा तयार केला. त्यासाठी व्यावसायिक सल्लागार नेमले, पण ठरवायचं काय ते बैठकांमधून लोकांनी ठरवलं. कुठे घरं हवीत, कुठे दुकानं, कुठे मैदान, कुठे मधोमध सगळ्यांनी जमायची मोकळी जागा. त्यांनी या कल्पनेला नाव दिलं ‘शहरातलं गाव’. आणि एक अट घातली, विकास होईल पण विस्थापन होणार नाही.

बोस्टन शहराने हा आराखडा स्वीकारला. सरकारने लोकांवर आराखडा लादायचा ही नेहमीची पद्धत. इथे उलटं झालं.

पण कागदावरचा नकाशा आणि जमीन यांत फार अंतर असतं. वस्तीच्या मध्यभागी साधारण साठ एकरांचा त्रिकोणी भाग होता, त्यातली तीस एकर जमीन ओसाड. निम्मी महापालिकेची, निम्मी खाजगी. खाजगी प्लॉट लहान लहान तुकड्यांत विखुरलेले. कुठे मालक परगावी, कुठे वारसांचा पत्ता नाही, कुठे कर थकलेला. एक प्लॉट मिळाला तर शेजारचा मिळत नाही. अशा तुकड्यांवर घरं बांधायची कशी?

सरकारचा अधिकार लोकांच्या हातात

इथे डडलीच्या लोकांनी जे केलं ते अमेरिकेत आधी कोणत्याही रहिवाशांच्या संघटनेने केलं नव्हतं. त्यांनी भूसंपादनाचा अधिकार मागितला.

भूसंपादन म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. रस्ता, धरण, रेल्वे यासाठी सरकार मोबदला देऊन जमीन घेतं, मालकाची मर्जी असो वा नसो. अमेरिकेत हाच अधिकार वापरून अनेक गरीब वस्त्या उठवल्या गेल्या होत्या. वेस्ट एंड त्याच मार्गाने गेलं. त्यामुळे ‘हे हत्यार आपण हातात घ्यायचं का’ यावर वस्तीत बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की घ्यायचं, पण मर्यादा घालून. अधिकार फक्त त्या त्रिकोणातल्या रिकाम्या जमिनीपुरता. कोणाचं राहतं घर घ्यायचं नाही. मालकाला योग्य मोबदला द्यायचा.

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका जुन्या कायद्यात याची वाट सापडली. नोव्हेंबर १९८८ मध्ये बोस्टनच्या पुनर्विकास प्राधिकरणाने तो अधिकार रहिवाशांच्या संस्थेने स्थापन केलेल्या कंपनीला दिला. त्या काळात संस्थेचे संचालक होते गस न्यूपोर्ट. ते बर्कली शहराचे माजी महापौर आणि तरुणपणी मॅल्कम एक्स यांचे सहकारी.

मोबदल्यासाठी पैसा हवा होता. फोर्ड फाउंडेशनने वीस लाख डॉलरचं कर्ज दिलं. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. अधिकार मिळाला आणि घरबांधणीत मंदी आली. सरकारी निधी आटला. पहिली नवी घरं उभी राहायला आणखी काही वर्षं गेली.

जमीन ट्रस्टची, घर कुटुंबाचं

आता या गोष्टीचा खरा गाभा. जमीन मिळाली, घरं बांधली. पण ती लोकांना विकून टाकली असती तर काय झालं असतं? वस्ती सुधारली की भाव वाढतो. भाव वाढला की पहिला मालक विकतो, श्रीमंत माणूस घेतो. वीस वर्षांत गरीब पुन्हा बाहेर.

म्हणून त्यांनी जमीन विकलीच नाही. ती एका सामुदायिक ट्रस्टच्या नावावर ठेवली. घर कुटुंबाचं, त्याखालची जमीन ट्रस्टची. कुटुंबाला जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, नाममात्र भाड्यात. घर मुलांना वारसाहक्काने देता येतं. विकायचं असेल तर विकता येतं, पण ठरलेल्या सूत्राच्या किमतीला आणि मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबालाच.

आपल्या आकड्यांत समजून घेऊ. हे आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत. समजा एका घराची बाजारातली किंमत ५० लाख रुपये. त्यातले ३० लाख जमिनीचे आणि २० लाख बांधकामाचे. ट्रस्ट जमीन स्वतःकडे ठेवतो, म्हणून कुटुंबाला घर २० लाखांत मिळतं. दहा वर्षांनी त्या भागातली घरं एक कोटीला जाऊ लागली. बाजारातला मालक एक कोटी घेऊन जाईल. ट्रस्टमधलं कुटुंब आपले २० लाख, घरात केलेल्या सुधारणांचा खर्च आणि थोडी वाढ, समजा २५ लाख घेऊन जाईल. पण मग पुढच्या गरीब कुटुंबालाही तेच घर एक कोटीला नाही, २५ लाखांत मिळेल.

कोणी विचारेल, हा त्या पहिल्या कुटुंबावर अन्याय नाही का? प्रश्न रास्त आहे आणि डडलीतही तो विचारला गेला. त्याचं उत्तर असं की त्या कुटुंबाला बाजारात मुळात घरच मिळालं नसतं. त्याला पक्कं छत मिळालं, भाडेवाढीची चिंता गेली, मुलांची शाळा बदलावी लागली नाही, आणि जाताना घातलेले पैसेही वाढून मिळाले. जमिनीचा भाव मात्र एकट्या त्या कुटुंबाच्या मेहनतीने वाढला नव्हता. तो सगळ्या वस्तीने कचरा काढल्यामुळे वाढला होता. म्हणून तो सगळ्यांसाठी राखला.

ज्यांना वक्फची कल्पना माहीत आहे, त्यांना हे लगेच समजेल. वक्फमध्ये मूळ मालमत्ता विकायची नाही, तिचा फायदा लोकांना मिळत राहावा, हाच विचार आहे. फरकही आहे. वक्फ ही अल्लाहच्या नावे केलेली धार्मिक अर्पण असते. डडलीचा ट्रस्ट धर्माशी संबंधित नाही आणि तो सगळ्या समाजांचा आहे. पण ज्या जागेचा फायदा गरिबांना मिळायला हवा, त्या जागेचा हिशेब रहिवाशांनी उघडपणे मागावा आणि विश्वस्तांनी तो द्यावा, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

२००८ साली अमेरिकेत घरकर्जाचं मोठं संकट आलं. आजूबाजूच्या भागात अनेक कुटुंबांची घरं बँकांनी जप्त केली. ट्रस्टच्या जमिनीवरच्या घरांवर मात्र अशी वेळ क्वचितच आली. कारण घरं परवडणाऱ्या किमतीत होती, कर्ज घेण्याआधी कुटुंबांना हिशेब शिकवलेला होता आणि अडचण आली तर ट्रस्ट मध्ये पडत होता.

धागा विनोबांपर्यंत

आता सुरुवातीला सांगितलेल्या महाराष्ट्राच्या धाग्याकडे येऊ. सामुदायिक भूमी ट्रस्ट ही कल्पना डडलीची स्वतःची नाही. अमेरिकेत ती १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी पहिल्यांदा उभी राहिली. नागरी हक्कांच्या चळवळीत भाग घेतला म्हणून ज्यांना जमीनदारांनी कुळं म्हणून काढून टाकलं होतं, त्यांना कोणी उठवू शकणार नाही अशी जमीन हवी होती. तो प्रयोग उभा करणाऱ्यांमध्ये रॉबर्ट स्वान होते, आणि त्यांच्यासमोर जी उदाहरणं होती त्यांतलं एक होतं भारतातलं भूदान-ग्रामदान.

भूदान म्हणजे विनोबा भावे. रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावात जन्मलेले, वर्ध्याजवळ पवनारला राहिलेले, आणि कुरआनचा अभ्यास करून त्यातल्या निवडक वचनांचा संग्रह करणारे विनोबा. १९५१ मध्ये त्यांनी जमीन मागत पायी फिरायला सुरुवात केली. पुढे अनुभव असा आला की गरिबाला जमिनीचा तुकडा दिला तरी कर्जापायी तो हातातून जाऊ शकतो. त्यातून ग्रामदानाचा विचार बळकट झाला, म्हणजे मालकी गावाची आणि कसण्याचा हक्क कुटुंबाचा. आपल्याकडे हा प्रयोग पुढे थंडावला. पण त्यातला विचार समुद्रापार गेला आणि आज अमेरिकेत असे दोनशेहून अधिक ट्रस्ट आहेत.

आज तिथे काय आहे?

ज्या १३०० प्लॉटवर कचरा होता, त्यांतल्या अर्ध्याहून जास्त जागांचा आज उपयोग झाला आहे. नवी घरं आहेत, जुनी घरं दुरुस्त झाली आहेत. ट्रस्टच्या जमिनीवर सव्वादोनशेच्या आसपास घरं कायमची परवडणारी राहिली आहेत. काही कुटुंबांच्या मालकीची, काही सहकारी, काही भाड्याची. मधोमध बाग आहे, मुलांची मैदानं आहेत. जुन्या गॅरेजच्या जागी दहा हजार चौरस फुटांचं हरितगृह आहे, त्यात भाजी पिकते.

सगळं गोड झालं, असं सांगणं चुकीचं होईल. गरिबी संपलेली नाही. ट्रस्टच्या हद्दीबाहेर भाडी वाढतच आहेत. संस्था बरीच वर्षं मोठ्या देणगीदारांच्या मदतीवर चालली, आणि ती मदत कायम राहील याची खात्री कधीच नसते. तरीही एक गोष्ट उरतेच. ज्यांनी कचऱ्याचे ढीग पाहिले, त्यांतली अनेक कुटुंबं आज तिथली बाग पाहत आहेत. त्यांना जावं लागलं नाही.

आपल्या मोहल्ल्यात काय करता येईल?

बोस्टनचा कायदा वेगळा, आपला वेगळा. भूसंपादनाचा अधिकार मोहल्ला कमिटीला मिळेल, असं कोणी समजू नये. पण बाकीच्या पायऱ्या आपल्या आवाक्यात आहेत.

पहिली, लहान आणि दिसणाऱ्या कामापासून सुरुवात. एक गटार, एक प्लॉट, एक बंद पडलेलं शौचालय. ते पूर्ण करा, मग पुढे जा.

दुसरी, जागांची यादी. आपल्या भागातला प्रत्येक रिकामा प्लॉट कोणाचा आहे, ते शोधा. नगर भूमापन कार्यालयात प्रॉपर्टी कार्ड मिळतं, गावठाणाबाहेर सातबारा मिळतो. महापालिकेची माहिती हवी असेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. मैदानासाठी किंवा दवाखान्यासाठी राखीव असलेली जागा कित्येक वर्षं पडून आहे, हे अशा यादीतूनच समोर येतं. ही यादी कॉलेजात शिकणारी आपली मुलं-मुली एका सुट्टीत करू शकतात.

तिसरी, विकास आराखड्यावर बोलणं. शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्याची मुदत असते आणि ती आपल्याकडे बहुतेक वेळा मुदत संपल्यावर कळते. मशिदीच्या नोटीस बोर्डावर, महिला बचत गटात, चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही बातमी वेळेत पोहोचली पाहिजे.

चौथी, जमिनीची मालकी. आपल्याकडे भूमी ट्रस्टच्या जवळ जाणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर असेल तर पुनर्विकासाच्या टेबलावर आपण मालक म्हणून बसतो. पण कितीतरी जुन्या इमारतींची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. बिल्डर करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग कायद्यात आहे. आपल्या सोसायटीचं हे काम झालं आहे का, एवढा एक प्रश्न या रविवारी विचारून पाहा.

पाचवी, आणि सगळ्यात अवघड, कमिटीची रचना. प्रत्येक बिरादरीला, प्रत्येक गल्लीला, भाडेकरूलाही जागा. बायकांना जागा, आणि ती नावापुरती नको. पाणी कधी येतं, शौचालयाचं दार कुठे तुटलं, मुलगी संध्याकाळी कोणत्या वाटेने घरी येत नाही, हे त्यांनाच पक्कं माहीत असतं. मोहल्ल्यात इतर धर्मांचे शेजारी राहत असतील तर त्यांनाही. गटार तुंबलं की पाणी सगळ्यांच्याच घरात शिरतं.

आणि जे आपल्यातले शिकलेले आहेत, डॉक्टर, वकील, व्यापारी, ज्यांनी मोहल्ला सोडून चांगल्या सोसायटीत घर घेतलं आहे आणि आता मदत करू इच्छितात, त्यांच्यासाठी त्या चर्चमधल्या बैठकीची आठवण. मदत घेऊन जरूर या. पण व्यासपीठावर बसण्याआधी समोरच्यांनी विचारलं की तुमच्यापैकी इथे राहतं कोण, तर रागावू नका. खुर्ची थोडी सरकवा आणि त्यांना शेजारी बसवा.